क्रीक व्ह्यू, पण कुणाचा?

ठाणं सुटलं आणि लोकलचा आवाज बदलला की समजायचं, खाडीचा पूल आला. मिनिटभरात कळवा. तेवढ्यात मोबाइलमधून मान वर कोण काढतं? एकदा काढा. कारण खाली जे पाणी दिसतं, त्याला दोन तोंडं आहेत. कल्याण-डोंबिवलीवरून आलेली उल्हास नदी ठाण्याला उत्तरेकडून वळसा घालून वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिचाच एक चिंचोळा फाटा ठाण्यावरून दक्षिणेला, थेट मुंबई बंदरात उतरतो. म्हणून तर वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंतची साष्टी हे बेट!

आपल्याला ही वाट निसर्गानं फुकट दिली. ओडिशात ती खोदावी लागली. चिलिका सरोवराचं समुद्राकडचं तोंड गाळानं बुजत गेलं. पाण्याचा खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. अखेर २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूची पट्टी कापून समुद्राला नवं तोंड दिलं. खारं पाणी आत आलं, मासळी परतली आणि २००२ मध्ये चिलिका धोक्यातल्या पाणथळींच्या यादीतून बाहेर पडलं.

मग काय, आपणही पोकलेन मागवायचा? थांबा, बॉस! तोंड खोदून उघडता येतं, पण उघडं ठेवतं ते भरती-ओहोटीचं पाणी. भरतीला जितकं पाणी आत पसरेल, तितकंच ओहोटीला जोरात बाहेर पडेल आणि गाळ ओढून नेईल. काठावर भराव घातला, खारफुटीत डेब्रिज ओतलं की पसरायला जागा उरत नाही. धार मंदावते, गाळ बसतो. आणि वरून पूर, खालून भरती एकदमच आली तर? २६ जुलै २००५ कल्याण-बदलापूरकर अजून विसरलेले नाहीत.

२०१६ च्या कायद्यानं कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. म्हणजे कागदावर बोटही आपली, फ्लेमिंगोही आपले. दोघांनाही लागतं ते एकच, वाहतं पाणी.

तेव्हा पुढच्या वीकएण्डला सॅम्पल फ्लॅट बघायला जाल आणि ब्रोशरवर ‘क्रीक व्ह्यू’ झळकताना दिसेल, तेव्हा कार्पेट एरियाच्या आधी एक प्रश्न विचारा : हा टॉवर उभा आहे, तिथे पूर्वी भरतीचं पाणी यायचं का हो?