वजनें व मापें यांची एकवाक्यता

शेतकऱ्यांचे मेळावे भरतात, ठराव होतात, आणि त्या सर्वांत मुख्य गाऱ्हाणें भावाचें असतें. तें योग्यच आहे. परंतु ज्या मापानें माल मोजून द्यावयाचा, त्या मापाविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं, असें आम्हांस दिसून येतें. भाव म्हणजे तरी काय? अमुक इतक्या मालास अमुक इतके रुपये. यांपैकीं रुपयांचा भाग आपण घासाघीस करून ठरवितों, आणि ‘इतक्या मालास’ हा भाग समोरच्या मनुष्यावर सोपवून मोकळे होतों. एकाच्या हातीं माप व दुसऱ्याच्या हातीं नुसता विश्वास, अशा व्यवहारांत जो फरक पडेल तो माप धरणाराच्या पदरांत पडतो. म्हणून मापाची एकवाक्यता हा गणिताचा विषय नसून न्यायाचा विषय आहे, हें या लेखांत दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मनुष्यानें प्रथम आपल्या देहानेंच जग मोजिलें. बोट, वीत, हात, मूठ, ओंजळ, पाऊल हीं मापें सदैव जवळ असणारीं, म्हणून सोयीचीं. परंतु ज्याचा त्याचा हात वेगळा, म्हणून तंट्याचीं. ही अडचण आपल्या पूर्वजांस कळत नव्हती असें नाहीं. शिवछत्रपतींच्या राज्यांत जमिनीच्या मोजणीसाठीं पांच हात व पांच मुठींची काठी ठरविली होती, आणि तो हात कोणाचाही न धरितां १४ तसूंचा धरून काठीची लांबी ८२ तसू बांधून दिली होती, असें सभासदाच्या बखरीवरून समजतें. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. हाताचें नांव राहिलें, पण मोजणाराची लहर गेली, हें त्या योजनेंतील मर्म होय.

पुढें इंग्रजी अंमलांत, १८३६ सालच्या सुमारास, इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी जमाबंदी बसविली, व त्या पद्धतीची मोजणी मुंबई इलाख्यांत पसरली. ३३ फुटी सांखळी, तिचे सोळा आणे. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. सरकारचा हेतु वसुलीचा होता, हें खरें. तथापि गांवोगांवच्या बिघ्यांचा घोळ मिटून नाशिकचा एकर व धारवाडचा एकर एकच झाला, हा रयतेचाही लाभ म्हटला पाहिजे.

जमिनीचें माप असें एक झालें, तरी वजनाचें व्हावयास पुढें सव्वाशें वर्षें लागलीं. मण हाच शब्द घ्या. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे आजचे सुमारें १२ किलो ७०० ग्रॅम. आगगाडीच्या मालधक्क्यावरचा मण ८२ पौंडांहून किंचित् अधिक, म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅम. नांव एक, आणि वजनांत जवळजवळ तिपटीचें अंतर! शेर आणि पायली यांचीही हीच तऱ्हा होती. शेतकीसंबंधीं नेमलेल्या रॉयल कमिशननें १९२८ सालीं वजनें व मापें एकसारखीं करण्याची आवश्यकता सांगितली. मुंबई इलाख्यांत १९३२ सालीं यासाठीं कायदा झाला व १९३९ सालीं मध्यवर्ती सरकारनें वजनांचा कायदा केला. परंतु खरा निकाल स्वातंत्र्यानंतर लागला. १९५६ सालच्या कायद्यानें दशमान पद्धति स्वीकारली गेली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानें अंमलांत आली, आणि १ एप्रिल १९६२ पासून वजनांच्या बाबतींत ती सर्वत्र सक्तीची झाली. सांप्रत २००९ सालचा वैध मापनाचा कायदा चालू आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत ठेविलेल्या प्रमाणाशीं राज्याचीं प्रमाणें ताडिलीं जातात व त्यांवरून वैध मापन निरीक्षकाच्या जवळचीं वजनें ताडिलीं जातात. म्हणजे आपल्या पेठेंतील किलोचें गोत्र दिल्लीपर्यंत लावितां येतें. मणाचें असें गोत्र कोणास सांगतां येत नव्हतें.

इतकें सर्व होऊनही आमच्या घरांत, शेतांत व बाजारांत दुहेरी भाषा चालूच आहे, आणि तिची किंमत शेतकरी देत आहे. प्रथम जमिनीचें पाहूं. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र आतां हेक्टर-आर यांत असतें; तोंडीं मात्र एकर-गुंठे. आर हा १०० चौरस मीटरांचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा. दोहोंत फरक थोडा, म्हणून ‘आर म्हणजेच गुंठा’ असें सर्रास धरितात. आतां पांच एकरांचे २०० गुंठे होतात, पण आर २०२.३४. खरेदीखतांत २०० गुंठ्यांच्या जागीं २०० आर लिहिले गेले, तर २३४ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २५०० चौरस फूट जमीन कागदांतून नाहींशी होते. माळरानावर तिची किंमत थोडी. पण गांवठाणालगत किंवा हमरस्त्याच्या कडेस तेवढ्या जागेंत दोन कुटुंबांचीं घरें उभीं राहतात.

याहून मोठी फसगत निराळीच आहे. जुन्या कागदांत ‘१-२०’ असें लिहिलेलें असे, त्याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजे ६० गुंठे. नव्या उताऱ्यावर १ हेक्टर २० आर म्हणजे १२० आर. त्याचे गुंठे सुमारें ११८॥ होतात. अंक तेच, जमीन दुप्पट! आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली, त्या काळांत वाटणीच्या अर्जांत भाऊ-भाऊ एकमेकांस लबाड म्हणत समोर उभे राहिलेले आम्हीं पाहिले आहेत. एकाच्या हातीं वडिलांच्या वेळचा कागद, दुसऱ्याच्या हातीं नवा उतारा. दोघेही खरें बोलत असत. फक्त दोघांचें माप वेगळें असे. कागदावरील अंकाच्या डोक्यावर कोणतें माप लिहिलें आहे तें पाहिल्यावर कित्येक तंटे तेथल्या तेथें मिटत. परंतु जे मिटले नाहींत, त्यांपायीं कोर्टांत गेलेला पैसा त्या जमिनीच्या उत्पन्नांतूनही भरून आला नसेल.

आतां बाजाराकडे वळूं. कापूस आपण क्विंटलानें विकतों. परंतु रुईच्या व्यापारांत अद्यापि खंडीचा भाव बोलतात, आणि ती खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारें ३५६ किलोंची. समजा, रुईचा भाव खंडीस ५३,४०० रुपये छापून आला. क्विंटलास तो १५,००० रुपये झाला. एक क्विंटल कापसांतून ३४ किलो रुई निघाली, तर तिचे ५,१०० रुपये. त्यांत सरकीची किंमत मिळवावी व पिंजणीचा आणि वाहतुकीचा खर्च वजा घालावा. एवढा हिशेब ज्यास येतो, त्यास आपल्या कापसास मिळणारा भाव रास्त कीं कमी, हें घरीं बसून समजेल. ज्यास येत नाहीं, तो खंडीचा मोठा आंकडा ऐकून एक तर फुकट हुरळतो किंवा फुकट चिडतो.

भाजीपाल्याची गोष्ट अशीच. टोमॅटोचें क्रेट, कांद्याची गोणी, धान्याचा कट्टा हीं मापें नव्हेत. हीं भांडीं आहेत. भांडें शिगोशीग भरलें कीं हात राखून भरलें, यावर त्यांतील माल ठरतो. ‘क्रेटास इतके’ असा सौदा करणें म्हणजे भाव बांधून माप मोकळें सोडणें होय. मात्र हा दोष व्यापाऱ्यावरच ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. मजुरीचें धान्य घरच्या जुन्या पायलीनें मोजून देणारा शेतकरी अद्यापि आढळतो, आणि ती पायली गांवच्या दुसऱ्या पायलीहून लहान असेल, तर मजुराचें गाऱ्हाणें आमच्या गाऱ्हाण्यासारखेंच खरें आहे. ज्यास काट्यावर न्याय पाहिजे, त्यानें आपल्या खळ्यावर तो आधीं दिला पाहिजे.

शेतीच्या कामांतही अंदाजाचें माप महाग पडतें. औषधाच्या बाटलीवर मिलिलिटर छापलेले असतात, पण फवारणाऱ्याची भाषा ‘एक झांकण’ अशी असते. झांकणें सारखीं नसतात. कमी पडलें तर कीड मरत नाहीं; अधिक पडलें तर पीक करपतें व पैसा जातो. उलट एकच माप धरिल्यानें हिशेब किती सोपा होतो, तें पावसावरून पाहावें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर १०,००० लिटर पाणी. सपाट बुडाचें व सरळ उभ्या कडांचें भांडें उघड्यावर ठेवून त्यांतील पाण्याची खोली मिलिमीटरांत मोजिली, तर आपल्या शेतावर किती पाणी पडलें हें स्थूलमानानें शाळकरी मुलासही सांगतां येईल.

कित्येक वृद्ध गृहस्थ म्हणतात कीं, पायली, शेर, खंडी हे आपल्या बापजाद्यांचे शब्द. ते टाकावे काय? आमचें म्हणणें, टाकूं नयेत. म्हणींत, गाण्यांत, घरच्या बोलण्यांत ते सुखानें नांदोत. परंतु जेथें एकाचें जाऊन दुसऱ्याचें होतें, तेथें कायद्याचेंच माप असावें. दुसरे कोणी म्हणतात कीं, आतां विजेचे कांटे आले, फसवणूक राहिली कोठें? कांटा विजेचा असला तरी तो मनुष्याच्याच ताब्यांत असतो. म्हणून तर असे कांटे दर बारा महिन्यांनीं व लोखंडी वजनें दर चोवीस महिन्यांनीं तपासून घेण्याचा नियम आहे. माल चढविण्यापूर्वीं कांटा शून्यावर आहे कीं नाहीं हें पाहणें, तपासणीचा शिक्का व प्रमाणपत्र मागणें, हा मालधन्याचा हक्क आहे. तो मागण्यांत कोणाचा अपमान नाहीं.

या संबंधांत गांवोगांवच्या सोसायट्यांस आमची एक सूचना आहे. प्रत्येकीनें आपल्या कचेरींत तपासून शिक्का घेतलेलें २० किलोंचें एक वजन, एक लिटरचें माप, एक मोजणीची फीत व एक पर्जन्यमापक ठेवावा, आणि भिंतीवर ठळक अक्षरांत एकर, गुंठा, आर, हेक्टर यांचें कोष्टक लावावें. ज्यास शंका येईल त्यानें येऊन ताडून पाहावें. सभासदांनींही सौदापट्टी, वाटणीपत्र किंवा खरेदीखत यांत नुसता अंक न लिहितां मापाचें नांव अंकाशेजारीं लिहिण्याची संवय लावून घ्यावी. खर्च थोडा, व तोही एकवार करावयाचा.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. तेव्हांपासून आजवर नव्वद पैशांचा रुपया कोणी देऊं केला नाहीं, व दिला असता तर कोणी घेतला नसता. मग साडेनऊशें ग्रॅमांचा किलो आपण मुकाट्यानें कां देतों व कां घेतों, याचा विचार प्रत्येक शेतकरी बंधूनें येत्या सुगीपूर्वीं करावा, एवढीच आमची विनंति आहे.