एकदाच उडवू या ना!

मंडळी, आधीच सांगून टाकतो. थंडीत पहाटे साडेतीनला उठून, थर्मासमध्ये चहा भरून नाशिकच्या रस्त्याला लागणाऱ्या वेड्यांपैकी मीही एक आहे. त्यामुळे 'पक्षी बघायला जाऊ नका' असला उपदेश मी करणार नाही. माझं भांडण आहे ते 'फ्लाइट शॉट'साठी बसलेले पक्षी मुद्दाम उडवणाऱ्या ग्रुपांशी.

नांदूर मध्यमेश्वरचंच बघा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिशांच्या काळात बंधारा झाला, मागे गाळ साचला, उथळ पाणी आणि पाणवनस्पती आल्या, पाठोपाठ पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०१९ मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. हिवाळ्यात इथे थापट्या, तलवार बदक, चक्रांग अशी बदकं पार उत्तरेकडून, हिमालयापलीकडून येतात.

आपल्याला वाटतं पाहुणे सुट्टीवर आलेत. कसली सुट्टी! ते चार्जिंगला लागलेत. वसंतात परत जायचं तर अंगावर चरबी हवी, आणि त्यासाठी दिवसभर खाणं आणि विश्रांती हवी. उडण्याइतकं बॅटरी खाणारं दुसरं काम नाही. वारकरी पक्षी तर उडण्याआधी पाण्यावरून धापा टाकल्यासारखा पळत सुटतो, बघा कधी.

आता आपला ग्रुप. चाळीस माणसं, वीस टेलिलेन्स, निम्म्यांच्या अंगावर भडक जॅकेटं. मी गेलो होतो त्या एका ग्रुपमध्ये तर खुद्द आयोजकानेच टाळ्या वाजवून अख्खा थवा उठवला. मी हटकलं तर उत्तर तयार, "अहो, एकदाच उडवतोय, काय फरक पडतो?"

आमच्या धंद्यात या 'एकदाच'ची चांगली ओळख आहे. एक रिक्वेस्ट सर्व्हरला काहीच करत नाही. पण हजारो लोक एकाच वेळी 'एकदाच' करायला लागले की सर्व्हर आडवा. बदकाच्या बाबतीत तेच. रविवारी दहा ग्रुप आले तर प्रत्येकाच्या हिशेबात 'एकदा', बदकाच्या हिशेबात दहा वेळा. आणि हा लोड आपण टाकतोय कुठे, तर थेट प्रॉडक्शनवर. बदकांना टेस्ट सर्व्हर नसतो हो!

यावर दोन युक्तिवाद हमखास येतात. पहिला, "शिकारी पक्षी आला की उडतातच ना?" उडतात. पण त्याला पोट भरायचं असतं, तुम्हाला लाइक्स हवे असतात. शिवाय त्याचा त्रास आहेच, त्यात तुमची भर कशाला? दुसरा, "फोटोंमुळे जागृती होते." होते की. पण पोहणाऱ्या, चरणाऱ्या, पंखात चोच खुपसून झोपलेल्या बदकाच्या फोटोने ती होत नाही का?

खरं तर ग्रुपने करण्यासारखं काम वेगळंच आहे. मोजणं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांच्या याद्यांवर! त्याच अहवालात ज्या १४ जातींची संख्या ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटल्याचं म्हटलंय, त्यांत थापट्या आणि चक्रांग आहेत. हो, तेच, ज्यांना टाळ्या वाजवून उडवतात ते. चाळीस माणसांनी शांत उभं राहून पाणथळीचा एकेक कोपरा मोजला तर ती रविवारची खरी कमाई.

तेव्हा पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारा. एका गाइडमागे किती माणसं? कोणी पक्षी उडवले तर काय करता? यादी नोंदवता का? उत्तरं गुळमुळीत आली तर पैसे खिशातच ठेवा आणि दोन मित्र, एक दुर्बीण घेऊन स्वतःच जा. तिकडचा स्थानिक गाइड घ्या, निदान त्याच्या गावात चार पैसे तरी राहतील.

आणि हो, बदक उडायचं तेव्हा आपणहून उडेल. तोवर दम धरता येत नसेल तर कृपया मॉलमध्ये जा. तिथे टाळ्या वाजवायला कोणाची हरकत नाही.