सीलबंद म्हणजे निश्चिंत नव्हे

सायकलच्या चाकातील छर्ऱ्यांना ग्रीस लावताना तुम्ही पाहिले असेल. छताच्या पंख्याचे बेअरिंग मात्र बहुधा कारखान्यातच ग्रीस भरून सीलबंद केलेले असते. मग सीलबंद बेअरिंगच सर्वत्र चांगले, असे म्हणावे काय?

मोटरबोटीचे उदाहरण घेऊ. व्होल्व्हो पेंटा कंपनीने १९५९ साली ‘आउटड्राइव्ह’ बाजारात आणले. यात इंजिन बोटीच्या आत आणि पंखा मागे पाण्यात असतो. त्यांना जोडणारा दांडा बोटीच्या मागच्या भिंतीतून जातो. अनेक आउटड्राइव्हमध्ये तेथे दांड्याला बेअरिंगचा आधार असतो. बाहेरचा रबरी भाता पाणी अडवतो.

हे बेअरिंग ग्रीसचे असेल, तर निपलमधून ताजे ग्रीस दाबताच जुने ग्रीस व ओलावा बाहेर ढकलला जातो. सीलबंद बेअरिंग हे श्रम वाचवते. पण त्यात पाणी शिरून गंज चढला, की ते बदलावेच लागते.

माझ्या मते ग्रीसच्या बेअरिंगचा मोठा गुण ग्रीस हा नव्हेच. ग्रीस भरायला माणूस तेथे वाकतो आणि भात्याची चीर त्याला दिसते, हा खरा गुण. भाता फाटला, तर कोणतेच बेअरिंग फार टिकत नाही. बोटही बुडू शकते. म्हणून सीलबंद बेअरिंग खुशाल वापरावे, पण दरवर्षी भाता तपासावा, बेअरिंग हाताने फिरवून पाहावे.

आज तुमच्या सायकलचे चाक उचलून फिरवा. खरखर ऐकू येते का?