कोपरारक्षकाचे मोल

काही वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन कबड्डी सामन्यांसाठी आमच्या संघासोबत अकोल्याला जाण्याचा योग आला. क्रीडा विभागाच्या सरांची प्रकृती बरी नव्हती, म्हणून मराठीच्या माणसाला धाडले, एवढाच त्या योगाचा अर्थ. संघात डाव्या कोपऱ्यावर एम.ए. भाग एकचा एक विद्यार्थी खेळत असे. अंगाने सडपातळ, वर्गात शेवटच्या बाकावर, मैदानावरही एका टोकाला. उपांत्य सामन्यात त्याच्या नावावर दोनच पकडी लागल्या. उजव्या कोपऱ्यावरच्या मुलाने पाच केल्या. पुढच्या निवडीत ज्यांनी कोणी गुणपत्रक पाहिले, त्यांनी पाचवाल्याचे नाव घेतले आणि दोनवाल्याचे वगळले. परतताना गाडीत मी त्याला म्हटले, "अरे, अजून दोन-तीन पकडी केल्या असत्या तर?" तो शांतपणे म्हणाला, "सर, तो माह्या बाजूनं आतच नाई आला, त मी पकडू कोनाले?"

हे वाक्य मला त्या वर्षी वाचलेल्या बऱ्याच समीक्षालेखांपेक्षा अधिक समीक्षात्मक वाटले. अर्थात, अपयशी माणसाची सबब म्हणूनही ते वाचता येते, आणि कमी गुणांमागे नेहमीच दडलेले कर्तृत्व असते असे नव्हे. पण त्या सामन्यात चढाईपटू खरोखरच डाव्या कोपऱ्याकडे फिरकत नव्हता. पहिल्या दहा मिनिटांत त्याचा घोटा दोनदा त्या हातांत सापडला होता. त्यानंतर तो सारा वेळ उजवीकडे रेंगाळला आणि उजव्या कोपऱ्याला संधी मिळत गेली. त्या पाच पकडींतल्या किती डाव्या कोपऱ्याने मिळवून दिल्या, हे सांगणारा रकाना गुणपत्रकात नव्हता.

कबड्डीतील बचाव हा मूलतः सामूहिक व्यवहार आहे. गुण मात्र व्यक्तीच्या खाती जमा होतो. प्रो कबड्डीतला 'करो या मरो' चढाईचा नियम पाहा. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत चढाईपटूला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर तो बाद होतो. म्हणजे पहिल्या दोन चढायांत साखळी न तोडता, उतावीळपणे झेप न घेता, चढाईपटूला निदानरेषेपाशीच ताटकळत ठेवणे हेच बचावाचे खरे काम. त्याचा गुण कुणालाच नाही. तिसऱ्या चढाईत तो रिकाम्या हाताने परतला तर संघाला गुण मिळतो, पण कुणा बचावपटूच्या नावावर पकड लागत नाही. आणि कुणी त्याला पकडलेच, तर साऱ्या श्रेयाचा धनी तो एकटा. सामन्यात पकडींचे पाच गुण झाले की 'हाय फाइव्ह' म्हणून त्याचा गौरव होतो. न घेतलेल्या झेपेसाठी मात्र भाषेत शब्दच नाही.

ही अडचण आपलीच आहे असे नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारावर, धावून जाणारे बचावपटू असतात. त्यांना पास रशर म्हणतात. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच लोळवले की तो 'सॅक'. या सॅकची वैयक्तिक नोंद तिथल्या व्यावसायिक लीगने अधिकृतपणे ठेवायला सुरुवात केली ती १९८२ साली. 'सॅक' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय ज्याला दिले जाते, तो डीकन जोन्स त्याआधीच, १९७४ साली, निवृत्त झाला होता. पुढे मोजणी आली आणि नवाच प्रश्न उभा राहिला. महाविद्यालयीन खेळाडू निवडताना सॅक मोजायचे, की क्वार्टरबॅकला घाईने चेंडू फेकायला लावणारी, सॅकपर्यंत न पोहोचलेली प्रत्येक धडकही मोजायची? शिवाय त्याने हे कुणासमोर केले? दुबळ्या संघाविरुद्धचे दहा सॅक आणि तगड्या संघाविरुद्धचे चार यांत कोण सरस? तिथले जाणकार आज ही दुसरी मोजणीही करतात आणि त्यासाठी सामन्यांची चित्रफीत पुनःपुन्हा पाहतात.

आपल्याकडे बचावपटूला मोलच नाही, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. २०१८च्या लिलावात यू मुंबाने इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचलीसाठी १ कोटी रुपये मोजले. २०२३ साली पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शाडलूवर २.३५ कोटी लावले आणि २०२४च्या मार्चमध्ये पलटणने विजेतेपदही पटकावले. प्रश्न सिद्ध झालेल्यांचा नाही. सिद्ध व्हायचे आहेत त्यांचा आहे. २०२२च्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या दोन संघांच्या २४ खेळाडूंना स्थान मिळाले. स्वागतार्हच गोष्ट. पण दोनच संघ! ज्या विद्यापीठाचा संघ विभागीय फेरीतच बाद होतो, त्याच्या कोपऱ्यावर कोण उभा होता हे मग कुणाला कळणार? चढाईपटू हरलेल्या संघातूनही उठून दिसतो. एका चढाईत तिघांना बाद केल्याची बातमी होते. हरलेल्या संघाचा बचावपटू हा मात्र पराभवाचाच एक भाग ठरतो.

हे अमरावतीच्या माणसाला अधिक बोचायला हवे. इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ची. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने जगासमोर देशी खेळ दाखवले, त्यांत कबड्डी होती. एवढी परंपरा पाठीशी असताना आमच्या महाविद्यालयांत बचावाची नोंद करण्याची पद्धत काय, तर सामना संपल्यावर कागदावर उरलेले आकडे. मोबाइल आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. चाळीस मिनिटांचा सामना चित्रित करून किती चढाया कोणत्या बाजूने रिकाम्या गेल्या, कुणाची फसलेली झेप संघाला महागात पडली, कुणाच्या आधारामुळे दुसऱ्याची पकड टिकली, एवढे टिपायला अनुदान लागत नाही. अशी नोंद घेऊन एखाद्या संघाच्या प्रशिक्षकाकडे गेलो, तर तो निदान पाहील तरी. आज आपण त्याला दाखवतो काय? दोन पकडी.

साहित्याच्या अभ्यासकाने यात का पडावे, असे कुणी विचारील. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त न उच्चारलेल्या अर्थाला काव्याचा आत्मा मानले, हे आपण दरवर्षी वर्गात शिकवतो, आणि उत्तरपत्रिका तपासताना मुद्दे मोजून गुण देतो. २०१०च्या नियमांनी प्राध्यापकांच्याही कामाला एपीआयचे गुण लावले, तेव्हा आपण किती चडफडलो होतो! वर्गातल्या एखाद्या मुलाने एका व्याख्यानानंतर आत्महत्येचा विचार सोडून दिला, तर तो कोणत्या रकान्यात लिहायचा, असे एक ज्येष्ठ सहकारी त्या वेळी विचारत. कोपऱ्यावरच्या त्या मुलाचा प्रश्न याहून फार वेगळा नव्हता. फक्त तो वऱ्हाडीत होता.

तो आता दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि संध्याकाळी पोरांना कबड्डी खेळवतो. मध्यंतरी भेटलो तेव्हा त्याने आपली वही दाखवली. प्रत्येक सामन्याचे पान मधोमध उभ्या रेघेने दुभागलेले, डावीकडे आणि उजवीकडे रिकाम्या गेलेल्या चढायांच्या काड्या. एका पानावर डावीकडे एकही काडी नव्हती. "इकडं कोनीच नाई आलं का रे?" मी विचारले. "आले ना सर," तो हसून म्हणाला, "सारेच आले. त्या दिवशी कोपऱ्यावरचं पोरगं तापानं घरी होतं."