मिनी स्कर्ट आणि समाजवाद्यांची मोजपट्टी

तरुण मुलींच्या आखूड स्कर्टचा विषय निघाला की एरव्ही एकमेकांचे तोंडही न पाहणारे दोन पक्ष एकत्र येतात. सनातनी म्हणतात, हा संस्कृतीचा ऱ्हास आहे. पुरोगामी म्हणविणारे काही जण म्हणतात, हे भांडवलशाहीचे थेर आहेत. शब्द निराळे, निकाल एकच : मुलींनी पाय झाकावेत! यांपैकी दुसऱ्या गटाला इतिहासाची आठवण करून देणे अगत्याचे आहे. कारण त्या इतिहासात समाजवादाच्या नावालाही डाग लागलेला आहे.

मिनी स्कर्ट १९६०नंतरच्या लंडनमध्ये रूढ झाला. मेरी क्वांट यांनी १९५५ साली चेल्सीतील किंग्ज रोडवर ‘बझार’ हे दुकान काढले होते. पॅरिसमध्ये आंद्रे कुरेज यांनीही स्कर्टची कड गुडघ्याच्या वर नेली आणि श्रेयाचा वाद रंगला. खुद्द क्वांट मात्र ते श्रेय किंग्ज रोडवरच्या मुलींना देत. या मुलींच्या पिढीला युद्धोत्तर ब्रिटनमध्ये काम मिळत होते. पंधराव्या वर्षी शाळा सोडून दुकानात, कचेरीत, कारखान्यात लागलेल्या मुलींच्या हाती स्वतःची कमाई खेळू लागली होती. आईचाच पोशाख लहान मापात घालण्याचे त्यांनी नाकारले. व्यापाऱ्यांनी त्यावर नफा कमावला, हे खरेच. परंतु बाजाराने एखादी गोष्ट विकली म्हणून ती बाजारानेच जन्माला घातली, असे सिद्ध होत नाही.

ही फॅशन आफ्रिकेतील शहरांत पोहोचली, तेव्हा टांझानियात काय घडले? ज्युलियस न्येरेरे यांच्या ‘टानू’ पक्षाने १९६७च्या अरुशा जाहीरनाम्याने समाजवादाची वाट धरली होती. पुढच्याच वर्षी या पक्षाच्या युवक संघटनेने ‘ऑपरेशन विजाना’ पुकारले. मिनी स्कर्ट, केसांचे टोप, कातडी उजळविणारी मलमे, तंग विजारी यांवर १९६९च्या आरंभापासून बंदी घालण्याचे ठरले. बंदी लागू होण्याची वाटही कोणी पाहिली नाही. ऑक्टोबर १९६८मध्येच दार-ए-सलाममध्ये तरुणांच्या जमावांनी मुलींना बसमधून खाली खेचले, भर रस्त्यात त्यांची विटंबना केली. राष्ट्रीय संस्कृतीचे रक्षण, हे कारण! पण पुरुषांचा सूट तरी कोणत्या आफ्रिकी परंपरेतला होता? त्याच सुमारास तेच सरकार मासाई लोकांना त्यांचा पारंपरिक वेष मागासलेला म्हणून टाकून द्यायला लावीत होते. म्हणजे प्रश्न परकीय कापडाचा नव्हता, आणि परंपरेचाही नव्हता. कोणाच्या अंगावर काय असावे हे ठरविण्याच्या सत्तेचा तो प्रश्न होता.

समाजवाद्यांनी उचललेले हे हत्यार हुकूमशहांनाही मानवले. युगांडात इदी अमीनने १९७२ साली मिनी स्कर्टवर बंदी आणली. मलावीत बांडांच्या राजवटीने १९७३ साली कायदाच केला. तो बरीच वर्षे टिकला. ज्या कामात अमीनची संगत लाभते, ते काम क्रांतीचे कसे म्हणावे?

हा सारा जुना इतिहास झाला, असे म्हणण्याची सोय नाही. नैरोबीत एका स्त्रीला तिच्या पोशाखावरून बसथांब्यावर विवस्त्र करण्यात आले, तेव्हा नोव्हेंबर २०१४मध्ये स्त्रियांना मोर्चा काढावा लागला.

दार-ए-सलाममध्ये मुलींचे स्कर्ट मोजले जात होते, त्याच १९६८ साली मिनी स्कर्टच्या मायभूमीत दुसरे एक माप मागितले जात होते. लंडनमधील डॅगनहॅम येथे फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांनी जूनमध्ये संप केला. त्यांचे काम अकुशल ठरवून त्यांना पुरुषांहून कमी वेतन दिले जात होते. तीन आठवड्यांनी त्यांना पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के वेतन मिळाले. समान वेतनाचा कायदा १९७० साली झाला; कुशल श्रेणीसाठी मात्र १९८४ साली पुन्हा संप करावा लागला.

समाजवादी कार्यकर्त्याचे काम डॅगनहॅमच्या दारात आहे. मुलगी काय नेसते हा तिचा प्रश्न. तिला मजुरी किती मिळते आणि ती निर्धास्तपणे बसमध्ये चढू शकते की नाही, हा चळवळीचा प्रश्न. हा भेद ज्यांना उमगत नाही, त्यांनी समाजवादाच्या नावाने मोजपट्टी हाती घेऊ नये.