मुक्काम किती रात्रींचा?

उन्हाळी सुट्टीचे बेत सुरू झाले की युरोपची यादी लांबतच जाते. दहा दिवसांत सहा देश दाखवणाऱ्या सहली आजही सर्रास विकल्या जातात. आमचं सांगणं नेमकं उलट आहे. शहरं कमी करा, रात्री वाढवा.

इटलीचंच घ्या. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने जेमतेम दीड तासावर. पण बॅगा भरणं, त्या ओढत स्टेशन गाठणं, नव्या हॉटेलात दुपारी खोली मिळेपर्यंत ताटकळणं, यात अर्धा दिवस सहज जातो. म्हणून रोमला चार रात्री द्या, फ्लॉरेन्सला तीन. वारही बघून ठेवा. फ्लॉरेन्सचं उफिझी कलादालन सोमवारी बंद असतं आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी उघडत नाहीत.

व्हेनिसला बरेच जण सकाळी येऊन संध्याकाळी परततात, याचं फार वाईट वाटतं. तिथे रात्री राहाच! दिवसाची गर्दी ओसरली की सान मार्को चौकामागच्या गल्ल्यांत आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो आणि ते शहर तिथल्या रहिवाशांचं होतं.

युरोपातल्या बहुतेक देशांसाठी एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसालाही रात्रींचाच हिशेब लागतो. सर्वाधिक मुक्काम ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार, त्या देशाकडे. तेव्हा अर्जाआधीच मुक्काम ठरवा. आणि आजी-आजोबा सोबत असतील, तर पोहोचल्यानंतरचा पहिला दिवस पूर्ण मोकळा ठेवा.