गाणी वाजतात, मागचा दिवा लागत नाही

उसाचा हंगाम सुरू झाला, की कोल्हापूरच्या उचगावजवळ महामार्गावर रात्रीचा ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो. पुढे साऊंड दणदणत असतो, बॉनेटवर एलईडीची पट्टी लखलखत असते. मागे दोन ट्रॉल्या, फाळक्यावरून बाहेर आलेली उसाची टिपरं आणि त्यामागे गुडूप अंधार. मागून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्याला ती ट्रॉली अगदी जवळ आल्यावर कळते.

म्हणजे बॅटरीत करंट नाही असं नाही. तो कुठे पोहोचला नाही, एवढाच प्रश्न आहे.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधे सात पिनांचं सॉकेट असतं. इंडिकेटर, ब्रेक, मागचा दिवा यांच्या वायरी त्यातूनच जातात आणि एक पिन अर्थची असते. चिखल, हादरे आणि रोजची जोडतोड यांत ही अर्थची वायर तुटली, की करंट परतीला ट्रॉली जोडायच्या पिनेचा आधार घेतो. तिथे गंज आणि ग्रीस. मग गंमत सुरू होते: उजवा इंडिकेटर दिला, की मागचा दिवाही त्याच तालावर मिणमिणतो. परतीची वाट बंद झालेला करंट दुसऱ्या दिव्यातून उलटा निघालेला असतो. चालक बल्ब बदलतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग बॅटरी बदलतो, आणि तिचा खर्च बल्बसारखा दहा-वीस रुपयांत भागत नाही.

खरं तर तपासणी सोपी आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर थेट दिव्याच्या पत्र्याला लावायची. दिवा झगझगीत लागला, तर बल्ब शाबूत आहे आणि दोष अर्थचा आहे. नाहीच लागला, तर टेस्ट लॅम्प घेऊन फ्यूजपासून मागे मागे यायचं.

पण आपल्याकडे दुरुस्तीचा लाडका शब्द आहे ‘डायरेक्ट’. फ्यूज उडतोय? तार घालून डायरेक्ट कर. हॉर्न वाजत नाही? डायरेक्ट कर. 200 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला, तर 12 व्होल्टवर साधारण 17 अँपिअर ओढतो. 21 वॅटच्या ब्रेकलाइटच्या बल्बला पावणेदोन पुरतात. दिव्याच्या बारीक वायरीतूनच साऊंडला करंट दिला, तर वायर तापते, टेप सुटते आणि व्होल्टेज पडतं. साध्या बल्बचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं, तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी कमी होतो. साऊंडला रिले, वेगळी जाड वायर आणि बॅटरीजवळ स्वतःचा फ्यूज, एवढंच करायचं असतं. त्याला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. तेवढा धीर ना गिऱ्हाइकाला असतो, ना फिटरला.

वायरिंगचा आणखी एक शत्रू म्हणजे पाणी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेच्या पुराने महामार्गच बंद पडला होता. पाण्यात राहिलेल्या वाहनाचं इंजिन सुरू झालं, की माणूस सुटकेचा निःश्वास सोडतो. पण कनेक्टरच्या आत तांब्यावर हिरवट थर चढत असतो आणि दिवा काही महिन्यांनी दगा देतो.

हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात. चांगलंच आहे, पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. शिवाय चिखलाने माखला किंवा उसाआड गेला, की तो असून नसल्यासारखाच. चालकाला दोष देऊन भागत नाही. त्याचा पैसा खेपांवर ठरतो, वायरिंगसाठी दिवस मोडणं त्याला परवडत नाही.

पण एक जागा अशी आहे, जिथे त्याला थांबावंच लागतं. कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्यापासून जिल्ह्यातल्या कुठल्याही कारखान्यापर्यंत, वजनकाट्याच्या रांगेत ट्रॉल्या ताटकळतात. त्याच रांगेत कारखान्याने एक वायरमन बसवावा. टेस्ट लॅम्प, सॉकेट साफ करायला ब्रश, अर्थच्या वायरीचं एक भेंडोळं आणि खिशात चार फ्यूज, एवढं सामान त्याला पुरेल. दिवे तपासल्याचा शिक्का वजनाच्या पावतीवरच मारता येईल. रात्री रिकामी ट्रॉली घेऊन परतताना तरी मागचा लाल दिवा लागलेला असेल, साऊंड कितीही मोठा असो.